अँबॅसिडर की फियाट? आरोंद्याच्या काठावरून बघितलेली जुनी शर्यत

अँबॅसिडर चांगली की फियाट? पन्नाशी ओलांडलेल्या चार माणसांत हा प्रश्न एकदा टाकून बघा. दहा मिनिटांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, अँबॅसिडर म्हणजे रणगाडा, कुठेही न्या. दुसरा म्हणतो, फियाट म्हणजे हातात बसणारी गाडी, पेट्रोल कमी पिते आणि गल्लीत वळते. मग कुणाच्या तरी मामाची गाडी निघते, कुणाच्या लग्नाची वरात निघते, आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

माझ्या प्रबंधाचा विषय आहे दुरुस्तीचा इतिहास. म्हणजे यंत्र कुणी शोधलं, कधी विकायला आलं, यापेक्षा ते विकत घेतल्यानंतरची तीस-चाळीस वर्षं कुणी आणि कसं चालतं ठेवलं, याचा अभ्यास. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ साली आलेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हेच गाऱ्हाणं मांडलं आहे: तंत्रज्ञानाचे इतिहास शोधांमागे धावतात, वापर आणि देखभाल यांच्याकडे बघत नाहीत. या लेखात मी तोच चष्मा लावून दोन गाड्यांची तुलना करणार आहे. जागा निवडली आहे आरोंदा. सावंतवाडी तालुक्यातलं, तेरेखोल नदीच्या उत्तर काठावरचं गाव. समोर किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. दोन्ही काठांना जोडणारा पूल आज आहे. पण १९६१ पर्यंत ही नदी दोन देशांमधली सरहद्द होती, आणि गाड्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा होता. तो पुढे येईलच.

आधी दोन्ही गाड्यांची ओळख करून घेऊ.

दोन कारखाने

अँबॅसिडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्स ही बिर्लांची कंपनी. १९४२ मध्ये गुजरातेत ओखा बंदरात सुरू झाली, आणि नंतर कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला गेली. इंग्लंडच्या मॉरिस कंपनीच्या गाड्या इथे बनायच्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून १९५७-५८ च्या सुमारास अँबॅसिडर आली आणि २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाऱ्याचं उत्पादन थांबेपर्यंत मूळ अंगकाठी तीच राहिली.

फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. स्थापना १९४४, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या, मग इटलीच्या फियाटशी करार. १९६४ पासून फियाट ११०० डी, म्हणजे आपली ‘डिलाइट’. १९७२ मध्ये तिचं नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नावं तीन, गाडी एकच. लोकांनी मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलं. मीही तेच करतो.

या दोघींशिवाय मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड होती, पण संख्येने कमी. १९५३ नंतर सरकारचं धोरण ठरलं होतं: ज्यांना गाड्या इथेच टप्प्याटप्प्याने पूर्ण बनवायच्या आहेत त्यांनीच धंद्यात राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावं. तेव्हा १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत मराठी मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर ‘गाडी’ म्हणून दोनच चित्रं होती.

कागदावर दोघी सारख्याच

आता कामगिरी. इंजिनांचे आकडे बघू. अँबॅसिडरचं सुरुवातीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन १९५९ च्या सुमारास गेलं आणि बीएमसी कंपनीचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आलं. ताकद साधारण ५० अश्वशक्ती. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, ताकद साधारण ४०. इथे एक गंमत सांगतो. इटलीत ११०० डी निघाली तेव्हा तिला १२२१ सीसीचं मोठं इंजिन मिळालं होतं. कुर्ल्याच्या गाडीत मात्र जुनं १०८९ सीसीचंच राहिलं. त्या इंजिनाची मूळ जात १९३७ च्या फियाटपर्यंत मागे जाते.

पन्नास विरुद्ध चाळीस म्हटलं की अँबॅसिडर जिंकली असं वाटतं. पण वजन बघा. फियाट सुमारे ९०० किलो, अँबॅसिडर सुमारे ११०० किलो. अश्वशक्तीला टनाने भागलं की फियाटला टनामागे ४४ येतात आणि अँबॅसिडरला ४५. म्हणजे रिकाम्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर दोघी बरोबरीत. ‘अँबॅसिडरमध्ये ताकद जास्त’ आणि ‘फियाट चपळ’ ही दोन्ही वाक्यं कागदावर तरी सिद्ध होत नाहीत.

मग लोकांना फरक जाणवायचा तो कुठून? कारण कोकणात रिकामी गाडी कुणी चालवतच नव्हतं. ४०० किलो माणसं आणि सामान भरा, म्हणजे पाच माणसं, दोन फणस, तांदळाचं पोतं आणि ट्रंका. आता फियाट १३०० किलोंची झाली आणि टनामागे ३१ अश्वशक्ती उरली. अँबॅसिडर १५०० किलोंची झाली, पण टनामागे ३३ उरली. फरक थोडा आहे, तरी तो भारासोबत वाढत जातो. मोठ्या गाडीला तेच ओझं तुलनेने हलकं पडतं. ज्याने भरून नेली त्याला अँबॅसिडर ताकदवान वाटली, आणि ज्याने नवरा-बायको-दोन मुलं एवढाच संसार नेला त्याला फियाट चपळ वाटली. दोघेही आपल्या जागी खरं बोलत होते.

आंबोलीचा घाट

आरोंद्याहून बेळगावला जायचं तर सावंतवाडीवरून आंबोली घाट चढावा लागतो. कोकणपट्टीतून सुमारे सातशे मीटर उंचीवर जाणारा हा रस्ता, आणि तोही राज्यातल्या सर्वांत पावसाळी ठिकाणांपैकी एका ठिकाणी. जुन्या गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव, या दोन मापांवरून इंजिनाचा स्वभाव बराचसा कळतो. अँबॅसिडरचा व्यास ७३ मिलिमीटर, धाव ८९. फियाटचा व्यास ६८, धाव ७५. दोन्ही इंजिनं लांब धावेची, पण अँबॅसिडरचं जास्तच. शिवाय आकारही मोठा. लांब धावेचं मोठं इंजिन हळू फिरतानाही जोर देतं. त्यामुळे घाटात अँबॅसिडर खालच्या गिअरवर रमतगमत चढायची. फियाटचं इंजिन फिरतं ठेवावं लागायचं. वळणावर वेग तुटला की लगेच गिअर खाली टाकायचा, नाहीतर गाडी ठक्‌ठक्‌ करून बंद पडणार. चांगला ड्रायव्हर असेल तर फियाट घाट मजेत चढायची. नवशिक्याला मात्र अँबॅसिडर माफ करायची.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अँबॅसिडरच्या इंजिनाचं हेड बिडाचं, फियाटचं अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम हलकं असतं, उष्णता लवकर सोडतं, म्हणून इंजिन बनवणाऱ्याला ते आवडतं. पण रेडिएटरमधलं पाणी संपलं आणि इंजिन तापलं तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. मग गॅस्केट जातं, हेड उतरवून लेथवर घासून सपाट करून आणावं लागतं. बिडाचं हेड तेवढ्याच चुकीत बऱ्याचदा वाचतं. म्हणून जुने ड्रायव्हर फियाटवाल्याला एकच सल्ला देत: काटा बघत राहा आणि पाण्याचा डबा डिकीत ठेव.

पेट्रोल पंपाचा त्रास दोघींनाही. इंजिनाच्या अंगाला लागून असलेला तो पंप तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चढावर गप्प उभी राहते. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं, एक विडी होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा निघायचं. भारतातल्या जवळजवळ प्रत्येक घाटाने हा देखावा पाहिलेला आहे.

ब्रेकचीही एक गोष्ट. दोघींच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. पावसात ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत असेल आणि त्यातून गाडी गेली, की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि ब्रेक लागेनासे होतात. पाणी ओलांडल्यावर थोडा वेळ ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी हाकायची, ड्रम तापून सुकतो. हे कंपनीच्या जाहिरातीत नव्हतं, पण कोकणात गाडी चालवायची म्हणजे हे यायलाच हवं.

खाऱ्या हवेतला पत्रा

इथपर्यंत आपण कामगिरी बघितली. पण आरोंद्यासारख्या गावात गाडी मरते ती इंजिनाने क्वचित. ती मरते पत्र्याने.

खाडीची खारी हवा, चार महिने पाऊस, रस्त्यावरचा लाल चिखल. हा चिखल मडगार्डच्या आत, दाराच्या तळाशी, फुटबोर्डाच्या पोकळीत जाऊन बसतो आणि ओला राहतो. तिथून गंज सुरू होतो. बऱ्याच जणांचा समज असतो की अँबॅसिडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस होती. तशी ती नव्हती. दोन्ही गाड्यांचं अंग हेच त्यांचा सांगाडा होतं. म्हणजे तळाचा पत्रा कुजला की नुसती शोभा जात नाही, गाडीची ताकदच जाते. पाट्यांचे टोक जिथे अंगाला बसतात ती जागा कुजली, तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही हे शहाणपण.

अँबॅसिडरचा पत्रा जाड, त्यामुळे तिला कुजायला वेळ लागायचा आणि वेल्डिंगवाल्याला काम करायला जागा मिळायची. फियाटवर वेल्डिंगची ज्योत जरा जास्त वेळ धरली की पत्र्याला भोक. म्हणून फियाटचं डेंटिंग हे जास्त कसबी हाताचं काम मानलं जायचं. उपाय मात्र दोघींना एकच: पावसाळ्याआधी गाडी वर उचलून खालून जळकं ऑईल मारायचं आणि पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने तळ धुवायचा.

ग्रीसचंही तसंच. या गाड्यांच्या पुढच्या सांध्यांना ग्रीस भरायचे निपल होते. ठरावीक किलोमीटरनंतर गनने ग्रीस भरलं नाही तर सांधे झिजणार, स्टिअरिंग सैल होणार. शिवाय अँबॅसिडरचे पुढचे शॉकअॅब्सॉर्बर जुन्या, दांडीच्या पद्धतीचे. त्यांतलं तेल गळायचं, ते बघून पुन्हा भरायचं. आजच्या गाडीच्या मालकाला यातलं काही माहीत असायची गरज नाही. तेव्हाच्या मालकाला मात्र अर्धा मेकॅनिक व्हावंच लागायचं.

पार्ट खंय गावतलो?

आता माझ्या संशोधनातला मुख्य मुद्दा. गाडी घेताना आपण विचारतो, पळते किती आणि पिते किती? गावातला माणूस आणखी एक प्रश्न विचारायचा, मालवणीत: पार्ट खंय गावतलो?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. फियाटचा कारखाना कुर्ल्याला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या बहुतेक फियाट. टॅक्सी दिवसरात्र धावते, म्हणून तिला सुटे भाग सतत लागतात, म्हणून मुंबईत फियाटच्या भागांचा बाजार भरलेला. नवीन हवा तर दुकानात, जुना हवा तर कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे किंवा चोर बाजारात. आणि सिंधुदुर्गातल्या घरटी एक माणूस मुंबईला. क्लच प्लेट हवी असली तर चिठ्ठी मुंबईला जायची आणि प्लेट एसटीच्या पार्सलने किंवा मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून गावात यायची. मुंबई पाचशे किलोमीटर लांब, पण नात्याने जवळ.

अँबॅसिडरचा कारखाना दोन हजार किलोमीटरच्या आसपास लांब, बंगालमध्ये. तिथे कुणाचा चाकरमानी नाही. तरी अँबॅसिडर इथे टिकली, कारण तिचा दुसरा पालक होता: सरकार. कलेक्टर, बांधकाम खातं, आरोग्य खातं, दौऱ्यावरचे मंत्री, सगळ्यांच्या गाड्या अँबॅसिडर. १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याच्या कचेऱ्यांबरोबर या पांढऱ्या गाड्याही वाढल्या. सरकारी गाडी जिथे असते तिथे ती दुरुस्त करणारा हात तयार होतो आणि तिचे भाग दुकानदार ठेवतो. १९८० च्या सुमारास अँबॅसिडरला डिझेल इंजिन मिळालं, तेव्हा भाड्याने गाडी चालवणाऱ्यांनीही तिला धरलं. ते इंजिन सुस्त होतं, घाटात तर फारच. पण डिझेल स्वस्त, आणि भाड्याच्या धंद्यात महिन्याचा हिशोब वेगापेक्षा महत्त्वाचा.

म्हणजे बघा, एका गाडीला नातेवाइकांनी जगवलं आणि दुसरीला सरकारने. पुस्तिकेत छापलेल्या कुठल्याच आकड्यात हे दिसत नाही. पण गाडी रस्त्यावर किती दिवस उभी राहणार आणि किती दिवस धावणार, हे यावरच ठरत होतं. आणि महिनाभर पार्टची वाट बघत उभ्या असलेल्या गाडीची कामगिरी शून्य, मग तिची अश्वशक्ती कितीही असो.

नदीपलीकडचा पुरावा

हे खरं आहे का, हे तपासायला आरोंद्याच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. नदी ओलांडली की पुरे.

१९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीज राज्य. भारताने १९५४-५५ पासून गोव्याची आर्थिक कोंडी केली, पण लोहखनिजाची निर्यात वाढत होती, पैसा येत होता आणि मुरगाव बंदरात परदेशी माल उतरत होता. त्यात मोटारीही होत्या. जर्मन, इंग्रजी, अमेरिकन. पोर्तुगालने स्वतःच्या देशात १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात भारतासारखी डावीच राहिली. एकच नियम, एकच पाऊस, एकच खारी हवा, आणि दोन काठांवर पूर्णपणे वेगळ्या गाड्या. आमच्या काठावरचा माणूस फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेला, आणि पलीकडच्या काठावर मर्सिडीज.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयातीचे निर्बंध तिकडेही लागू झाले. नवीन परदेशी गाड्या थांबल्या आणि हळूहळू जुन्यांचे भागही. आता गुणवत्तेने विचार केला तर त्या काळच्या मर्सिडीजपुढे अँबॅसिडर आणि फियाट दोघीही फिक्या. तिच्या डिझेल टॅक्स्या गोव्यात पुढची काही दशकं धावल्याही, कारण इंजिन दणकट आणि मेकॅनिक हुशार. पण ज्या गाड्या मोजक्याच आल्या होत्या, त्यांचं एखादं गिअरचं चाक तुटलं की लेथवर नवीन घडवा, नाहीतर दुसऱ्या गाडीचं कापून बसवा. तेही जमलं नाही की गाडी माडाखाली उभी. सर्वांत चांगली गाडी आणि सर्वांत जास्त काळ चालणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेरेखोलच्या दोन काठांवर हे इतकं स्पष्ट दिसतं की मला प्रबंधासाठी याहून चांगला प्रयोग आखता आला नसता.

न बदलण्याचा शाप आणि वरदान

तुम्ही म्हणाल, या दोन गाड्यांचं इतकं कौतुक कशाला? स्पर्धा नव्हती म्हणून कंपन्यांनी चाळीस वर्षं तेच ते विकलं. खरं आहे. ग्राहकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९६७ साली सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमती ठरवून दिल्या, कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७१ मध्ये निकाल लागला. किंमत सरकारच्या हातात, गिऱ्हाईक रांगेत, मग सुधारणा करायची कुणाला घाई? नवीन गाडी घरी आणून आधी मेकॅनिककडे न्यायची आणि सगळे नटबोल्ट आवळून घ्यायचे, ही पद्धत त्याच काळातली. कारखान्याने टाळलेलं काम ग्राहकाच्या खिशातून व्हायचं.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. डिझाइन बदललं नाही म्हणून १९६५ च्या डिलाइटला १९९० च्या पद्मिनीच्या इंजिनाचे कितीतरी भाग बसायचे. एक गाडी मेली की तिच्या अवयवांवर आजूबाजूच्या चार जगायच्या. मेकॅनिकने विशीत शिकलेली विद्या साठीपर्यंत पुरायची. छापील पुस्तक नसलं तरी चालायचं, कारण ते हातात होतं. मोजके पाने, एक जॅक, एक फीलर गेज आणि कान, एवढ्यावर इंजिन उघडून पुन्हा बसवणारी माणसं गावोगाव तयार झाली. टॅपेटचा आवाज ऐकून फट किती आहे ते सांगणारी माणसं.

कंपनीचा आळस आणि मेकॅनिकचं कौशल्य, दोन्ही एकाच कारणातून आली. यातलं एक शाप आणि दुसरं वरदान असं वेगळं करता येत नाही. निकृष्ट सेवेची किंमत लोकांनी मोजलीच. पण ती मोजताना त्यांच्या हाती जे लागलं, तेही इतिहासात नोंदवायला हवं.

मग जिंकलं कोण?

एवढं वाचल्यावर तुम्ही निकाल मागणार. देतो, पण तारखेसकट आणि पत्त्यासकट.

मुंबईत राहणाऱ्या, वर्षातून एकदा गावी येणाऱ्या छोट्या कुटुंबासाठी, साधारण १९७५ मध्ये: फियाट. पेट्रोल कमी, भाग दाराशी, वळायला सोपी.

आरोंद्यासारख्या गावात भाड्याची गाडी चालवणाऱ्यासाठी, साधारण १९८५ मध्ये: डिझेलची अँबॅसिडर. लग्नात नवरा-नवरी आणि करवल्या एकाच गाडीत, गणपतीला सामानासकट सगळं घर, आणि रात्री-अपरात्री गोव्याच्या मेडिकल कॉलेजात न्यायचा रोगी मागच्या लांब सीटवर आडवा. त्या सीटचं माप हा तेव्हा आरोग्यसेवेचा भाग होता, असं मी म्हटलं तर ते अतिशयोक्त नाही.

आणि २००० नंतर? दोघीही हरल्या. मारुतीमागून इतर कंपन्या आल्या. पद्मिनीचं उत्पादन शतकाच्या वळणावर संपलं. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मधली. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ही टॅक्सी अधिकृतपणे राहिली नाही. टॅक्सी गेली की टॅक्सीसाठी उभा असलेला भागांचा बाजार आटतो, आणि तो आटला की पाचशे किलोमीटरवरच्या आरोंद्यातल्या गाडीचाही श्वास अडकतो. सरकारने अँबॅसिडर सोडली तेव्हा तिचंही हेच झालं.

पंधरा ते पन्नास

हा सगळा जुना इतिहास वाटेल, पण एक गोष्ट आत्ताची आहे.

आपल्या कायद्यात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी या वर्गात येते. नोंदणीची फी २० हजार रुपये, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

पंधरा ते पन्नास म्हणजे मधली पस्तीस वर्षं. सात वेळा नूतनीकरण. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चं, म्हणजे त्या नावाच्या सर्वांत पहिल्या गाड्या आत्ता कुठे पन्नाशी ओलांडत आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांना अजून बरीच वर्षं साधी ‘जुनी गाडी’ म्हणूनच काढायची आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत भंगाराच्या रांगेत.

मला खटकते ती याच नियमांतली दुसरी अट. व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. संग्रहालयाच्या दृष्टीने हे बरोबर वाटतं. पण आपण आत्ता जे पाहिलं ते आठवा. खाडीकाठी चाळीस वर्षं जगलेली गाडी मूळ रूपात असणार कशी? तिचा तळ दोनदा नवीन पत्र्याने बांधलेला. इंजिन बोअर करून पुढच्या मापाचं पिस्टन घातलेलं, किंवा पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवलेलं. एक दार दुसऱ्याच गाडीचं. पहिल्या दिवसासारखी राहिलेली गाडी बहुधा श्रीमंताच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असते. लोकांनी जी खरोखर वापरली, जिने रोगी नेले आणि नवऱ्या आणल्या, ती दुरुस्त केलेली गाडी या व्याख्येच्या बाहेर पडते. म्हणजे ज्या कामामुळे ती जगली, तेच काम तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतं.

कायदा बदलणं माझ्या हातात नाही. पण नोंदी जपणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. तुमच्या घरी कधी फियाट किंवा अँबॅसिडर असेल तर गाडी गेली असली तरी तिचे कागद कपाटात असण्याची शक्यता बरीच आहे. आरसी बुक, ज्यात इंजिन बदलल्याची नोंद असते. गॅरेजची बिलं, ज्यांत त्या वर्षीचे मजुरीचे दर असतात. स्पेअर पार्टच्या दुकानाची पावती, जिच्यावरून भाग कुठल्या गावातून आला ते कळतं. वडिलांची छोटी डायरी, ज्यात ‘ग्रीस केले, ऑईल बदलले’ असं किलोमीटरसकट लिहिलेलं असतं. गाडीचा फोटो सगळे जपतात, कारण तो सुंदर असतो. बिलं रद्दीत जातात.

माझ्यासारख्या अभ्यासकाला फोटोपेक्षा ती बिलं जास्त सांगतात. या वर्षीच्या साफसफाईत कपाटाच्या तळाशी तेलाचे डाग पडलेला तसा गठ्ठा सापडला तर टाकू नका. वर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून एका पाकिटात ठेवा. आणि गावात एखादा जुना मेकॅनिक अजून असेल तर त्याच्याशी एक दुपार बोला. टॅपेटच्या आवाजावरून फट कशी ओळखायची, हे कुठल्याही आरसी बुकात लिहिलेलं नाही.